पार्श्वभूमी: ब्रिटिश विद्यापीठांतला मतांचा खटला

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत मतस्वातंत्र्यावरून आज जे वाद कोर्टात जातात, त्यांत दोन वेगळ्या घरचे कायदे एकमेकांत अडकलेले असतात. एक जन्मला सभागृहाच्या दारातल्या धक्काबुक्कीतून, दुसरा नोकरीतल्या भेदभावातून.

पहिला जुना. 1974 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने वंशद्वेष्ट्यांना व्यासपीठ न देण्याचा ठराव केला. पुढे हुजूर पक्षाच्या मंत्र्यांनाही निदर्शनांना तोंड द्यावं लागलं. 1985 मध्ये गृहमंत्री लिऑन ब्रिटन मँचेस्टरला गेले, तेव्हा पोलीस आणि विद्यार्थ्यांत चांगलीच जुंपली. भाषणस्वातंत्र्य राखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकणारा 1986 चा कायदा आला तो या वातावरणात.

दुसऱ्याची सुरुवात 2003 ची. धर्म किंवा श्रद्धेवरून नोकरीत भेदभाव नको, एवढंच त्या नियमांचं म्हणणं. पण श्रद्धा म्हणजे काय? 2009 च्या ग्रेंजर खटल्यात हवामानबदलाविषयीची ठाम धारणाही त्यात बसली आणि न्यायाधीशांनी पाच अटी घातल्या. त्यांतली शेवटची, ‘लोकशाही समाजात आदरास पात्र’, हीच खरी मेख. 2010 च्या समानता कायद्यानंतरही कसोटी तीच राहिली.

लिंग जैविक असतं आणि बदलत नाही, हे संशोधक माया फोरस्टेटर यांचं मत 2019 मध्ये नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने याच अटीवर नापास केलं. जून 2021 मध्ये अपिलात ते फिरलं: नाझीवादासारख्या टोकाच्या मतांनाच ही अट बाहेर ठेवते. फोरस्टेटर विद्यापीठातल्या नव्हत्या. निकालाचा धक्का मात्र विद्यापीठांना बसला. 2024 च्या जानेवारीत असंच मत असलेल्या प्राध्यापिका जो फिनिक्स (Jo Phoenix) ओपन युनिव्हर्सिटीविरुद्ध जिंकल्या. पुढच्याच महिन्यात ब्रिस्टल विद्यापीठाने काढून टाकलेले प्राध्यापक डेव्हिड मिलर यांचा झायोनवादाला, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाला, असलेला विरोधही संरक्षित ठरला. फोरस्टेटरच्या निकालावर टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनाच हा रुचला असेल असं नाही.

दरम्यान ऑक्टोबर 2021 मध्ये, लिंगाविषयीच्या अशाच मतांवरून झालेल्या विद्यार्थ्यांच्या निदर्शनांनंतर, तत्त्वज्ञ कॅथलीन स्टॉक यांनी ससेक्स विद्यापीठ सोडलं. 2023 मध्ये भाषणस्वातंत्र्याचा नवा कायदा झाला; मजूर पक्षाच्या सरकारने जुलै 2024 मध्ये तो रोखला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये थोडी काटछाट होऊन त्यातल्या मुख्य तरतुदी लागू झाल्या. त्याआधीच, मार्च 2025 मध्ये, इंग्लंडच्या उच्च शिक्षण नियामकाने ससेक्सला 5 लाख 85 हजार पौंडांचा दंड ठोठावला. त्याचं एक मुख्य कारण विद्यापीठाचं ट्रान्स व्यक्तींच्या समानतेसाठीचं धोरण होतं. विद्यापीठाने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली.