दुर्बिणीमागचे हात कसे घडतात?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जनचा हात उजवीकडे गेला की पोटातलं अवजाराचं टोक डावीकडे जातं. हात वर उचलला की टोक खाली उतरतं. लांब, बारीक अवजार पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आत गेलेलं असतं आणि ते भोकच त्याचा टेकू बनतं. नाव वल्हवणाऱ्याच्या हातात हे उलटं गणित भिनलेलं असतं, सर्जनला ते मुद्दाम भिनवावं लागतं. शिवाय नजर पोटावर नाही, पडद्यावर. तिथलं चित्र बहुधा सपाट असतं, त्यामुळे खोली सावल्यांवरून आणि हालचालींवरून ताडायची. बोटाखाली नस उडताना कळते, तशी ती लांब चिमट्यातून कळत नाही. म्हणून पोट उघडून वर्षानुवर्षं उत्तम शस्त्रक्रिया करणारा सर्जनही इथे सुरुवातीला नवशिकाच असतो.

जर्मनीत कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं आणि एरिच म्यूहे यांनी १९८५ मध्ये पित्ताशय. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढे ही पद्धत इतक्या झपाट्याने पसरली की शिक्षण मागे पडलं. अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने १९९१ मध्ये पित्ताशयाच्या १५१८ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. सर्जनांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं, त्यानंतरच्या रुग्णांत ०.१ टक्का. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी ही नळी चुकून कापली गेली तर कावीळ, जंतुसंसर्ग आणि मोठी दुरुस्तीची शस्त्रक्रिया वाट्याला येते. त्या पहिल्या तेरांत आपलं माणूस असेल तर? प्रगत प्रशिक्षणाचा सगळा खटाटोप याच प्रश्नासाठी आहे, असं मला वाटतं.

ही सुरुवातीची अडखळ रुग्णाच्या पोटाबाहेर उरकता येते. एक बंद पेटी, वर दोन-तीन भोकं, आत कॅमेरा, समोर पडदा. खुंट्यांवरचे तुकडे एका चिमट्याने उचलायचे, अधांतरीच दुसऱ्या चिमट्यात द्यायचे आणि दुसऱ्या खुंटीवर बसवायचे. मग कापडावर आखलेलं वर्तुळ रेघ न सोडता कापायचं. सगळ्यांत अवघड म्हणजे आतल्या आत टाका घालून गाठ मारणं. वाकडी सुई चिमट्यात नेमक्या कोनात धरायलाच खूप सराव लागतो आणि हर्निया किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियांकडे वळायचं तर ही गाठ आलीच पाहिजे. अमेरिकेत अशा कसबांची वेगळी परीक्षाच घेतली जाते.

पोटाबाहेरचा असा सराव खऱ्या पोटात उपयोगी पडतो का? येल विद्यापीठात २००२ मध्ये १६ शिकाऊ सर्जनांवर हे तपासलं गेलं. संगणकी आभासी यंत्रावर तयार झालेल्यांनी यकृतापासून पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर केलं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती.

हाताइतकाच डोळाही घडवावा लागतो. अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेला दंडक आज जगभर शिकवतात: पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करायचा आणि त्यात दोनच गोष्टी, एक नळी व एक धमनी, शिरताना स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. हे प्रत्यक्षात पाळायला संयम लागतो आणि तो अनुभवी सर्जन शेजारी उभा असतानाच अंगी येतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेने ओळख होते. हात तयार होत नाही.

आपल्या बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि ‘बिम्स’ हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खानापूर, हुक्केरी आणि सीमेपलीकडच्या चंदगडचेही रुग्ण इथे येतात. निपाणीचे बरेच जण कोल्हापूर गाठतात. पण तालुक्याच्या गावी छोटं रुग्णालय चालवणाऱ्या सर्जनने सराव कुठे करायचा? प्लास्टिकचा डबा, मोबाइलचा कॅमेरा आणि वापरातून काढलेली अवजारं, एवढ्यावर साधी पेटी उभी राहते. दर आठवड्याला काही तास तिच्यावर घालवता यावेत आणि पहिल्या शस्त्रक्रियांना बेळगावचा जाणता सर्जन सोबत असावा, ही व्यवस्था आपल्या भागात व्हायलाच हवी.

रुग्णांच्या घरच्यांशीही थोडं बोलायला हवं. भातलावणी तोंडावर असताना ‘टाके किती, घरी कधी सोडणार’ असं विचारणं रास्तच आहे. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर घाबरू नये. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटलाला त्रास होतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. हा वायू जळत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो, म्हणूनच तो वापरतात. मात्र आत सूज फार असेल, नळी कुठली हे ओळखू येत नसेल आणि सर्जनने मधेच पोट उघडायचं ठरवलं, तर नातेवाईक ‘ऑपरेशन फसलं’ म्हणतात. खरं तर थांबायचं कुठे हे कळणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी हे घरच्यांना मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगितलेलं असलं, तर तो निर्णय घेताना सर्जनवर बाहेर बसलेल्यांचं दडपण राहत नाही.