चांगला आकडाही फसवतो

फणस पिकलाय की नाही, हे तो न चिरता नुसती थाप मारून सांगणारी माणसं कोकणात घरोघर सापडतात. काँक्रीटची ताकदही न फोडता अजमावता येते, आणि तिथेही सुरुवात ठोकण्यापासूनच होते.

1940 च्या दशकाअखेरीस स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी रिबाउंड हॅमर तयार केला. त्याचा दांडा पिलरवर टेकवून दाबायचा. आत स्प्रिंगवरचं वजन सुटतं, दांड्यावर आदळतं आणि उसळतं. पृष्ठभाग जितका कठीण, तितकी उसळी मोठी.

गेल्या मे महिन्यात मालवणजवळच्या एका जुन्या घराचा पिलर पाहिला. गिलावा काढून हॅमर लावला, तर आकडे चाळिशीच्या वर. घरमालक खूश झाले. मला मात्र खालच्या बाजूची उभी बारीक चीर दिसत होती. तिथला कोपरा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फथॅलिन फवारलं; काँक्रीट अल्कधर्मी असेल, तरच ते गुलाबी होतं. आतला भाग गर्द गुलाबी झाला, पण बाहेरचा थर तसाच करडा राहिला, अगदी सळीपर्यंत.

हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. त्याने पृष्ठभाग टणक होतो, म्हणून हॅमरचा आकडा फुगतो. पण त्याच वेळी काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जातो आणि सळीवरचं संरक्षक कवच नाहीसं होतं. म्हणजे जे कारण आकडा वाढवतं, तेच सळीला उघडं पाडतं! त्यात खारा वारा सळी गंजवणारं क्लोराइड आत पोचवतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून तडकतं.

अल्ट्रासोनिक चाचणीत समोरासमोर दोन प्रोब लावून ध्वनिलहरीचा वेग मोजतात. सेकंदाला 4.5 किलोमीटरच्या वर असेल तर उत्तम, 3 च्या खाली असेल तर शंकास्पद. ओल्या काँक्रीटमध्ये हा वेग वाढतो आणि हॅमरची उसळी कमी होते, म्हणून दोन्ही चाचण्या सोबत करायच्या. पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीवर घेतलेल्या आकड्यांवर मी तरी विसंबत नाही.

सळीचं दुखणं हाफ-सेल चाचणी सांगते; तीत सळी आणि काँक्रीटवर टेकवलेला इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युतदाबाचा फरक मोजतात. तांबं-मोरचूद इलेक्ट्रोडवर उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. त्या पिलरवर चिरेपाशी आकडा त्याहून बराच खाली होता. चिरेखालचं काँक्रीट काढलं, तर सळीला पापुद्रे सुटलेले होते.