निश्चयक आधी की नंतर? रेषीय बीजगणिताच्या अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

दहावीला क्रेमरच्या रीतीने गणिते सोडवलेल्यांना निश्चयक आठवत असेल: दोन उभ्या रेघांमध्ये चार आकडे, तिरके गुणाकार, मग वजाबाकी. मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले आकडे, भेटते ती अकरावीत. इतिहासातही क्रम हाच आहे. क्रेमरचा नियम १७५० चा, तर ‘मॅट्रिक्स’ हा शब्द १८५० चा. पुढे विसाव्या शतकात सदिश अवकाशाची (ज्यांची बेरीज करता येते आणि ज्यांना संख्येने गुणता येते, अशा सदिशांच्या संचाची) अमूर्त मांडणी पदवीच्या वर्गात आली आणि आकडेमोडीत हुशार असलेली मुले ‘उपअवकाश’ म्हटले की गोंधळू लागली.

ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात काही प्राध्यापक पहिल्या अभ्यासक्रमात काय शिकवायचे, याच प्रश्नावर एकत्र बसले. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विषयांना या गणिताकडून काय हवे, हेही त्यांनी विचारात घेतले. १९९३ मध्ये शिफारशी छापून आल्या: पहिला अभ्यासक्रम मॅट्रिक्सभोवती बांधा, संगणक वापरा, अमूर्त भाग बराचसा पुढच्या अभ्यासक्रमासाठी ठेवा.

खरी चकमक मात्र निश्चयकावरून झडली. संगणकवाल्यांचा हिशेब सरळ होता. वीस समीकरणे एकेका चलाचा लोप करत सोडवली, तर गुणाकार लागतात ३,००० च्या आसपास. तेवढ्याच आकाराचा एक निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडायचा, तर पदे इतकी की सेकंदाला एक अब्ज पदे उरकली तरी ७७ वर्षे जातील. आणि क्रेमरला असे २१ निश्चयक लागतात! १९९५ मध्ये एका गणितज्ञाने त्याच्याही पुढे जाऊन आयगेनव्हॅल्यूंचे (रूपांतर ज्या सदिशाला फक्त काही पट करते, त्या पटीचे) अस्तित्व निश्चयकाशिवाय सिद्ध करून दाखवले. शून्य नसलेला एक सदिश घ्या, त्यावर तेच रूपांतर पुन्हा पुन्हा करा. मितीपेक्षा एक सदिश जास्त झाला की ते परस्परावलंबी होणारच, म्हणजे त्यातला एखादा बाकीच्यांपासून बनवता येणार. त्या संबंधातून बहुपदी मिळते, तिचे अवयव पाडले की काम झाले (संख्या संमिश्र हव्यात, एवढीच अट). सिद्धता देखणी आहे, यात वाद नाही. पण दोन बाय दोनची आयगेनव्हॅल्यू हाताने काढणाऱ्या मुलाला आजही निश्चयकच जवळचा वाटतो.

गंमत म्हणजे २०१६ च्या सुमारास ॲनिमेशनच्या व्हिडिओंनी निश्चयकाला वेगळ्याच दाराने परत आणले. पडद्यावर एक चौरस तिरका होतो, ताणला जातो; त्याचे क्षेत्रफळ किती पट झाले, तो निश्चयक. शून्य आला तर चौरस चपटा होऊन रेषेत मिटलेला. आपल्याकडे दहावीला तिरका गुणाकार शिकवताना हे चित्र फळ्यावर काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत.