स्मार्टफोनवरील स्लो मोशन चित्रण

डोळ्यांना पकडता न येणारी जलद हालचाल फोनच्या कॅमेऱ्याने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फ्रेममध्ये टिपायची आणि त्या फ्रेम नेहमीच्याच वेगाने दाखवायच्या, या तंत्राला स्मार्टफोनवरील स्लो मोशन किंवा मंदगती चित्रण म्हणतात. फ्रेम म्हणजे व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र. साध्या व्हिडिओत ती सेकंदाला २४, २५ किंवा ३० असतात. त्याऐवजी सेकंदाला २४० फ्रेम टिपल्या आणि त्या ३० च्या वेगाने दाखवल्या, तर एका सेकंदाची घटना पडद्यावर आठ सेकंद चालते. १२० फ्रेमचे चित्रण चौपट लांबते, ९६० चे बत्तीसपट. दिसते ते मंद असले, तरी चित्रण मात्र घाईचे असते.

साधा व्हिडिओ घेऊन तो नंतर हळू चालवला तर हे साधत नाही. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. ३० फ्रेमच्या चित्रणात त्या पडण्याची तेरा-चौदा चित्रे मिळतात, २४० च्या चित्रणात सुमारे १०८. जमिनीजवळ चेंडूचा वेग सेकंदाला ४.४ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे ३० च्या चित्रणात तो एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये जवळजवळ १५ सेंटिमीटर उडी मारतो, २४० च्या चित्रणात दोन सेंटिमीटरही नाही. त्या १५ सेंटिमीटरमध्ये काय घडले हे साध्या व्हिडिओत कुठेच नोंदलेले नसते, त्यामुळे तो हळू चालवला की चित्र अडखळते. स्लो मोशनचा सगळा कस चित्रण होतानाच लागतो.

इतिहास : १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात हे दाखवले. मंदगती चलचित्राचे श्रेय ऑस्ट्रियातील धर्मगुरू आउगुस्ट मुस्गर यांना देतात. आरशांचा फिरता ढोल वापरणाऱ्या त्यांच्या यंत्राचे पेटंट १९०४ चे आहे. जर्मन भाषेत या तंत्राला जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ ‘काळाचे भिंग’ असा होतो, आणि इतके नेमके नाव दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांच्या काळात कॅमेरामन दांडा भरभर फिरवून हाच परिणाम साधत. पुढे हे काम खास शीघ्रगती कॅमेऱ्यांकडे गेले आणि प्रयोगशाळा नि स्टुडिओ यांच्यापुरते राहिले. खिशातल्या फोनमध्ये ते आले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये सेकंदाला १२० फ्रेमची सोय होती, पुढच्या वर्षीच्या आयफोन ६ मध्ये २४० ची. २०१७ मध्ये सोनीने एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियममध्ये ९६० फ्रेमचा टप्पा गाठला आणि २०१८ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस९ मध्येही ती सोय आली.

सेन्सर आणि आकड्यांचा अर्थ : फ्रेम वाढवण्यातली खरी अडचण सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरची, माहिती वेळेत उचलण्याची असते. १२८० × ७२० बिंदूंचे चित्र सेकंदाला ९६० वेळा घ्यायचे, तर दर सेकंदाला सुमारे ८८ कोटी बिंदूंची माहिती वाचावी लागते. एवढा लोंढा फोनच्या प्रोसेसरला सलग पेलत नाही. म्हणून अशा सेन्सरच्या पाठीलाच वेगवान स्मृतीचा थर जोडला गेला. फ्रेम आधी तिथे साठतात आणि मग सवडीने पुढे जातात. ही साठवण चटकन भरते. त्यामुळे सुरुवातीच्या ९६० फ्रेमच्या फोनांत एका वेळी जेमतेम ०.२ सेकंदाचा प्रसंग टिपता येई, जो पडद्यावर सहा सेकंदांच्या आसपास चाले. २४० फ्रेमच्या चित्रणाला बहुतेक फोनांत असे बंधन नसते. लहान चित्र, सेन्सरच्या मधल्याच भागाचा वापर, शेजारचे बिंदू एकत्र करून वाचणे, या तडजोडी मात्र वेग वाढेल तशा वाढत जातात.

फोनवर छापलेल्या आकड्यावर म्हणूनच फार विसंबू नये. काही फोन कमी फ्रेम टिपतात आणि मधल्या फ्रेम गणिताने तयार करून घालतात. आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत कोणता बिंदू कुठे सरकला याचा अंदाज बांधून मधले चित्र रचले जाते. संथ, सरळ हालचालीत हे बेमालूम जमते. पाण्याचे शिंतोडे, उडणारे केस, एकमेकांआड जाणारी बोटे आली की कडा वितळल्यासारख्या दिसतात. देखणा व्हिडिओ हवा असेल तर याला हरकत नाही. पण प्रत्यक्षात काय घडले हे पाहायचे असेल, तर रचलेली फ्रेम हा पुरावा नव्हे.

प्रकाश : स्लो मोशन बिघडते ते बहुतेक वेळा उजेडापायी. सेकंदाला २४० फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेमला प्रकाश गोळा करायला फार तर १/२४० सेकंद मिळतो. मंद उजेडात साधा व्हिडिओ घेताना फोन १/३० सेकंदापर्यंत शटर, म्हणजे प्रकाश आत घेणारे दार, उघडे ठेवू शकतो. म्हणजे त्याच खोलीत स्लो मोशनला प्रकाश एक-अष्टमांश. ही तूट फोन संवेदनक्षमता वाढवून भरून काढतो आणि चित्र दाणेदार, रंग फिके होतात. भर उन्हात मात्र असा फरक जाणवत नाही, कारण उन्हात साध्या व्हिडिओलाही फोन शटरचा वेळ एक-पाचशेवा सेकंद किंवा त्याहून कमी ठेवत असतो. एकाच फोनची बाहेरची आणि घरातली स्लो मोशन वेगवेगळ्या यंत्रांनी घेतल्यासारखी दिसते ती यामुळे.

उजेडाचा दुसरा फायदा रेखीवपणाचा. चित्र रेखीव येणे शटरच्या वेळेवर ठरते, फ्रेमच्या संख्येवर नाही. वर सांगितलेला चेंडू १/२४० सेकंदाच्या शटरने टिपला, तर प्रत्येक चित्रात तो सुमारे १८ मिलिमीटर फराटलेला दिसेल. १/२००० सेकंदाने टिपला तर दोन मिलिमीटरच्या आसपास. म्हणून भरपूर उजेडातले १२० फ्रेमचे चित्रण अंधुक खोलीतल्या २४० पेक्षा बहुधा सरस ठरते, आणि निवड करायची वेळ आली तर आधी उजेडाकडे पाहावे. पाण्याच्या थेंबांसाठी मागून किंवा बाजूने येणारा प्रकाश आणि गडद पार्श्वभूमी हवी. समोरून उजेड टाकला की थेंब जवळजवळ दिसेनासे होतात.

विजेच्या दिव्यांखाली आणखी एक अडचण असते. ५० हर्ट्‌झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्‌झवरचे १२० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण स्लो मोशन ते उघड करते. १०० ची लुकलुक आठपट मंदावली की सेकंदाला साडेबारा वेळा होते आणि सगळे चित्र धडधडू लागते. १२० फ्रेमच्या चित्रणात फ्रेम आणि दिवा यांची लय न जुळल्याने तीच लुकलुक सेकंदाला पाच हेलकाव्यांच्या रूपात दिसते. तारेच्या जुन्या बल्बमध्ये तार तापलेलीच राहते, म्हणून त्याखाली हा दोष सौम्य असतो. एलईडी दिवे मात्र सगळे सारखे नसतात. काही अगदी स्थिर जळतात, काही भयंकर लुकलुकतात. संपादनात हा दोष पुरता जात नाही, म्हणून दोन सेकंदांचे चित्रण आधी घेऊन पाहावे. खिडकीतला दिवसाचा उजेड सर्वांत निर्धोक.

चित्रण करताना : फोनचा मुख्य कॅमेरा वापरावा आणि झूम करण्याऐवजी जवळ जावे. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाशाचे प्रमाण पक्के करावे, नाहीतर नेमक्या क्षणी फोन फोकस शोधत बसतो आणि त्याचे ते चाचपडणेही आठपट लांबते. हाताची थरथरही मंदावत असल्याने हातात धरून घेतलेली स्लो मोशन अपेक्षेपेक्षा स्थिर दिसते. तरी हालचाल मोजायची असेल तर स्टँडला पर्याय नाही. घटनेच्या एखादा सेकंद आधी चित्रण सुरू करावे. क्षणभराच्याच साठवणुकीचे फोन चौकटीत हालचाल दिसताच आपोआप टिपण्याची सोय देतात, पण वारा, सावली, पान यांनीही ते फसतात. दहा सेकंदांचे २४० फ्रेमचे चित्रण ८० सेकंद चालते, आणि एवढा वेळ कोणी पाहत नाही. उडी मारणारा नेहमीच्या वेगाने धावत यावा, जमीन सोडताना काळ थांबल्यासारखा व्हावा आणि मग पुन्हा वेग यावा, अशी मांडणी पाहणाऱ्याला गुंतवते.

सेन्सर चित्र एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्यामुळे फिरत्या पंख्याची पाती वाकडी आणि छेडलेली तार लाटेसारखी दिसू शकते. ती लाट बरीचशी कॅमेऱ्याची असते, तारेची नाही.

आवाजही मंदावतो. आठपट मंद केला की तो तीन सप्तके खाली उतरतो आणि बोलणे घरघर होऊन जाते. फार वेगवान चित्रणात अनेक फोन आवाज घेतच नाहीत.

फाइल : काही फोन मूळ २४० फ्रेमची फाइल जशीच्या तशी ठेवतात आणि कोणता भाग मंद दाखवायचा याची फक्त खूण करतात, तर काही फोन ३० च्या वेगाने चालणारी लांबलेली फाइलच तयार करतात. पहिल्या प्रकारची फाइल थेट दुसऱ्या यंत्रावर नेली की ती खूण हरवून व्हिडिओ साध्या वेगाने पळू शकतो. पाठवण्याआधी तो फोनच्या संपादकातून नव्याने साठवून घ्यावा.

निरीक्षणाचे साधन : दोन फ्रेममधले अंतर माहीत असले की फोन हे घड्याळ होते. मागे मोजपट्टी उभी करून पडणारा चेंडू टिपला, तर प्रत्येक १/२४० सेकंदाला त्याची जागा वाचता येते आणि गुरुत्वीय प्रवेग शाळकरी मुलांनाही काढता येतो. धावपटूचे पाऊल जमिनीवर कसे टेकते, पाण्याने भरलेला फुगा फुटल्यावर पाणी क्षणभर फुग्याचाच आकार कसे धरून राहते, हे एरवी कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. ते पहिल्यांदा पाहताना होणारा आनंद हेच या सोयीचे सर्वांत मोठे मोल वाटते.

मर्यादा कीटकांपाशी कळते. सेकंदाला दहाएक वेळा पंख हलवणाऱ्या फुलपाखराच्या एका फडफडीची २४० च्या चित्रणात चोवीस चित्रे मिळतात. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. तिथे एका फडफडीमागे एकच चित्र येते, तेही दर वेळी किंचित आधीच्या स्थितीतले. मग पडद्यावर पंख संथपणे, उलट्या क्रमाने हलताना दिसतात आणि पाहणारा त्यालाच खरी फडफड समजतो. ९६० फ्रेमनेही एका फडफडीची चारच चित्रे येतात. अशी शंका आली तर तोच कीटक २४० आणि ९६० अशा दोन दरांनी टिपावा आणि पंखांचे ठोके प्रत्यक्ष काळाच्या हिशोबाने मोजावेत. दोन्हींचे उत्तर जुळले नाही, तर निदान एका चित्रणातली गती पंखांची नसून फ्रेमच्या लयीची आहे.