शुबर्टची ‘आवे मारिया’: आधी गाणं, नंतर प्रार्थना

‘ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टने चर्चमधल्या मेरीमातेच्या लॅटिन प्रार्थनेला चाल लावली आणि आवे मारिया जन्मली,’ असं वर्षानुवर्षं फिरतं आहे. असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आज चर्चमधल्या लग्नात ही चाल बहुतेक लॅटिन शब्दांतच कानावर पडते.

पण 1825 मध्ये शुबर्टसमोर होती ती स्कॉटिश कवी वॉल्टर स्कॉटच्या 1810 च्या ‘द लेडी ऑफ द लेक’ या इंग्रजी काव्याची जर्मन आवृत्ती. त्यातली एलेन वडिलांसोबत स्कॉटलंडच्या डोंगरातल्या गुहेत आसऱ्याला आहे आणि मेरीमातेला साकडं घालते आहे. म्हणून गाण्याचं मूळ नाव ‘एलेनचं तिसरं गीत’. पियानोवर अखंड झुलणारे स्वर ऐका. काव्यात एलेनच्या साथीला हार्प आहे, तीच इथे पियानोतून वाजते. मला तरी हे कळल्यावर ती चाल जास्तच जवळची वाटू लागली.

पडताळणी घरबसल्या होते. मूळ स्वरलिपीवर एलेनचं नाव आणि ‘आवे मारिया! युंगफ्राउ मिल्ड’ ही जर्मन सुरुवात दिसेल. मूळ गीताला तीन कडवी आहेत, लॅटिन प्रार्थना मात्र छोटी. ती या चालीवर नंतर बसवली गेली, म्हणून लॅटिन गायनात ‘ग्रात्सिया प्लेना’ (कृपेने परिपूर्ण) पुन्हा पुन्हा येतं. जर्मन गायनात शब्द सरळ पुढे जातात. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा.

प्रार्थना तर तेही आहेच, फक्त एका घाबरलेल्या मुलीच्या तोंडची.