अळंबी कबाब : पोषणमूल्य

भारतीय पाकपद्धतीतील एक शाकाहारी कबाब. अख्ख्या अळंब्या चक्क्याच्या मसाल्यात मुरवून सळईवर भाजतात, किंवा बारीक चिरलेल्या अळंबीत भाजलेले बेसन मिसळून टिक्क्या तव्यावर परततात. कबाब उत्तर भारतात तुर्की-अफगाण राजवटींबरोबर रुजला, असे सामान्यतः मानतात. अळंबीचा कबाब मात्र बराच अलीकडचा असावा. सोलन (हिमाचल प्रदेश) येथे १९६० च्या दशकात पांढऱ्या बटण अळंबीची लागवड सुरू झाली, त्यानंतरचा तो मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ताज्या बटण अळंबीत सुमारे ९२% पाणी असते. दर १०० ग्रॅ. मागे ऊर्जा सु. २२ किलोकॅलरी, प्रथिने २ ते ३ ग्रॅ. आणि मेद ०.३ ग्रॅ. मिळतो. पोटॅशियम, रिबोफ्लाविन व नायसिन बऱ्यापैकी असतात.

प्रथिनांच्या आकड्यात पोषणमूल्यांच्या कोष्टकांचे एकमत नाही. नेहमीच्या रीतीने नायट्रोजनला ६.२५ ने गुणून प्रथिने काढतात. पण अळंबीच्या पेशीभित्तीतील कायटिन या तंतुमय पदार्थातही नायट्रोजन असतो आणि तो प्रथिनांचा नव्हे. म्हणून अनेक अभ्यासक ४.३८ हा गुणक घेतात. त्यामागे सुमारे ७०% नायट्रोजनच पचणाऱ्या प्रथिनांचा असतो असे गृहीतक आहे. पहिल्या गुणकाने त्याच नमुन्याची प्रथिने सु. ४३% जास्त दिसतात. दुसरा गुणक अधिक विश्वसनीय समजावा. अळंबीला ‘शाकाहाऱ्यांचे मांस’ म्हणणाऱ्या जाहिराती या फरकाकडे सोयीस्करपणे काणाडोळा करतात. कबाबातील प्रथिनांचा मोठा वाटा बहुधा चक्का, बेसन किंवा पनीर यांचाच असतो.

ऊर्जेचेही तसेच. चहाच्या एका चमचाभर तेलातून सु. ४० किलोकॅलरी मिळतात, तेवढ्यासाठी सु. १८० ग्रॅ. ताजी अळंबी लागेल. भाजताना पाणी उडून वजन घटते, त्यामुळे कच्च्या अळंबीचे आकडे तयार कबाबाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. टिक्क्यांसाठी चिरलेली अळंबी मीठ लावून पिळली व पाणी फेकून दिले, तर पोटॅशियम आणि ब-गटातील जीवनसत्त्वे काही प्रमाणात त्याबरोबर जातात. कोरड्या तव्यावर पाणी आटवणे बरे.

अळंबीतील अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याचे जंबुपार (अतिनील) किरणांनी ड२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळंबीत ते नगण्य असते.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना कवके (अळंबीसारख्या बुरशी) अभक्ष्य सांगितली आहेत. परंपरानिष्ठ जैन आहारातही अळंबी वर्ज्य आहे.