नवरा-बायकोचा वकील एकच असावा का?

"भांडण नाही साहेब, दोघांचे फारकतीचे कागद तुम्हीच करा." फी वाचते, हे खरे. तरी आम्ही वकीलपत्र एकाचेच घेतो.

आपसी संमतीच्या फारकतीत (हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ब) अर्ज एकच असतो, पण हित दोन असतात. "उभयतांचे एकमेकांकडे काही घेणे-देणे राहिले नाही" ही नेहमीची ओळच घ्या. नवऱ्याला ती हवीच असते. बायकोची तीन तोळ्यांची पोत सासरी पडून असेल, तर याच ओळीने तिचा दावा अडचणीत येतो. सही करण्याआधी तिने विचारले, "करू का?" तर दोघांचा वकील काय सांगेल? नको म्हटले तर नवऱ्याचे नुकसान, गप्प राहिला तर तिचे. म्हणून दागिने, भांडी, वजन आणि सध्या कोणाच्या ताब्यात, ही यादी अर्जातच लिहावी.

पैशाचेही तसेच. "कापूस विकला की देतो" हे अर्जात चालत नाही. रक्कम, तारीख आणि डीडी लिहा. अर्धी रक्कम अर्ज दाखल करताना, उरलेली कोर्टाच्या दुसऱ्या, म्हणजे हुकुमाच्या तारखेला कोर्टात, असे ठरवलेले बरे.

बिघडते ते बहुधा अर्ज दाखल करणे आणि ही दुसरी तारीख यांच्या मधल्या सहा महिन्यांत. (ही मुदत कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, पण आपोआप होत नाही.) हुकूम होईपर्यंत कोणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो. मग पोटगीचा अर्ज येतो, आणि सामाईक वकिलाला दोघांचीही गुपिते ठाऊक असतात: कोणते शेत भावाच्या नावे केले, कोणाचे सोने कुठे गहाण आहे. ज्या पक्षाला सल्ला दिला किंवा ज्याचे कागद लिहिले, त्याच्याविरुद्ध त्याच कामात उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा (वकिलांच्या नियामक संस्थेचा) नियम ३३ आहे. वकील दोघांनाही सोडतो, तुम्ही दोन नवे शोधता. वाचलेली फी तिथेच जाते.

फोनवर हकीकत सुरू करू नका. आधी दोघांची नावे आणि गाव सांगा. आम्ही रजिस्टर पाहतो. समोरच्याने किंवा त्याच्या घरच्यांनी आमच्याकडे जमिनीच्या फेरफाराचे साधे काम केले असले तरी आधीच सांगू. ऐकून घेतल्यावर मागे फिरणे अवघड जाते.

दुसऱ्या बाजूला वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करावा. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.